जन्म, मूळ, उगम : हिब्रू शब्द कोणत्या क्रमाने शिकावेत

हिब्रू शिकणाऱ्या मराठी माणसाचं एक वाक्य हमखास चुकतं. "माझा जन्म अलिबागला झाला" असं सांगायचं असतं आणि तोंडातून निघतं, "यालादेती बे-अलिबाग." याचा अर्थ "मी अलिबागला बाळंत झाले." बोलणारा पुरुष असला तरी अर्थ तोच. मी शिकवतो त्या वर्गात ही चूक मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचं कारण पाठ झालंय. "जन्म म्हणजे हे, मूळ म्हणजे ते" अशी दोन रकान्यांची यादी आधी पाठ केली जाते आणि क्रियापदं नंतर कधीतरी बघू म्हणून राहून जातात. मराठीत "जन्म" या एका नामाला होणे, देणे, घेणे जोडून सगळं निभावतं. हिब्रूत कोण काय करतंय त्याप्रमाणे क्रियापदाचा साचाच बदलतो.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे : आधी उच्चार, मग धातू, मग क्रियापद, आणि त्यानंतरच नामं. इस्राएलमध्ये काम करणारे, तिथे नातेवाईक असलेले बेने इस्राएल (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंबातले लोक, किंवा बायबल मूळ भाषेत वाचू पाहणारे, तिघांनाही हा क्रम चालतो. रोज २५ मिनिटं दिलीत तर तीनेक आठवड्यांत सगळं होईल.

## सुरू करण्याआधी

हिब्रूची २२ अक्षरं ओळखता यायला हवीत. काफ, मेम, नून, पे आणि त्सादी ही पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी वेगळ्या रूपात येतात, तीही. एवढं येत नसेल तर आठवडाभर थांबा आणि अक्षरं पक्की करा. देवनागरीत लिहून पाठ केलेलं हिब्रू बोलताना कदाचित चालेल, पण फॉर्म समोर आला की अडतं.

मी इथे शब्द देवनागरीत देतोय ते फक्त उच्चारासाठी. प्रत्येक शब्द वहीत हिब्रू अक्षरांत उतरवायचा आहे. स्पेलिंगसाठी मॉर्फिक्स हा कोश आणि क्रियापदाच्या सगळ्या रूपांसाठी पेआलिम ही साइट उघडून ठेवा.

वही उजवीकडून सुरू करा. एक लाल पेन घ्या. धातूची अक्षरं लाल, बाकीची निळी, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. दोन रंगांचा खटाटोप लहान मुलांचा वाटतो म्हणून बरेचजण तो सोडतात, आणि तिसऱ्या टप्प्यावर त्यांनाच परत यावं लागतं.

लिप्यंतराबद्दल एकच गोष्ट. हिब्रूत आपला "ख" नाहीच, त्यामुळे खाली जिथे ख दिसेल तिथे घशातून घासून काढायचा आवाज समजा.

## १. कान आणि जीभ (दोन दिवस)

त्सादी या अक्षराचा उच्चार आपल्याकडे आयता आहे. "चोर", "चूल", "चमचा" यांतला च म्हणजे त्सादी. "मोत्सा" हा शब्द चोरातला च लावून म्हणा, बरोबर येईल.

इशारा : मराठीत इ, ई, ए आणि य यांच्याआधी हा च आपोआप "चिंच"मधला होतो. त्यामुळे "त्सिरीम" (बाळंतकळा) हा शब्द मराठी जीभ "चिरीम" करते आणि "येत्सिरा" (निर्मिती) हा "येचिरा" होतो. या दोन शब्दांची रोज दहा-दहा वेळा घासाघीस करा.

दुसरी गोष्ट आघात. मराठीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर दिला याने फारसं बिघडत नाही, हिब्रूत बिघडतं. बहुतेक शब्दांत जोर शेवटच्या भागावर असतो : लेदा, नोलाद, मोत्सा, माकोर, हेरायोन. पण शेवटी "ए-ए" अशी जोडी आली की तो एक पायरी मागे येतो : येलेद, योलेदेत, मोलेदेत, हुलेदेत, रेखेम. "शोरेश"ही याच गटातला.

तपासा : "येलेद" (मुलगा) आणि "याल्दा" (मुलगी) रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यात "ये" ठळक आणि दुसऱ्यात "दा" ठळक ऐकू आला पाहिजे.

## २. एक धातू : योद, लामेद, दालेत (दोन दिवस)

जन्माचे बहुतेक शब्द या तीन अक्षरांतून निघतात. आणि मराठी वाचकाला हा धातू आधीच ठाऊक आहे, फक्त अरबी वेषात. औलाद, वालिद, ईद-ए-मिलादमधलं मिलाद, जुन्या कागदपत्रांत "अमुक वलद तमुक" असं येतं ते वलद, या सगळ्यांचा अरबी धातू व-ल-द. हिब्रू आणि अरबी सख्ख्या बहिणी आहेत. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला जो व असतो तिथे हिब्रूत य येतो. वलद आणि येलेद एकच.

हे निव्वळ लक्षात ठेवण्यापुरतं नाही, पुढे प्रत्यक्ष उपयोगी पडतं. सुरुवातीची योद बऱ्याच रूपांत गायब होते आणि तिच्या जागी वाव उगवते. नोलाद, होलिद, मोलेदेत, तोलादोत या सगळ्यांत "ओ" दाखवणारी वाव म्हणजे तीच जुनी "व". हे कळलं की "यात योद कुठे गेली?" हा प्रश्न सुटतो.

त्याच जुन्या मराठी दस्तऐवजांतलं "बिन" हे हिब्रू "बेन" (मुलगा). अरबी "बिंत" म्हणजे हिब्रू "बात" (मुलगी). आणि "रहम" या शब्दाची सख्खी जोड म्हणजे हिब्रू "रेखेम", गर्भाशय. त्याच अक्षरांतून हिब्रूत "राखामीम", दया, हा शब्द आहे. गर्भाशय आणि दया एका धातूत राहतात, ही जोडी एकदा पाहिली की विसरता येत नाही.

वहीत करायचं काम : येलेद, याल्दा, येलादीम (मुलं), याल्दुत (बालपण), लेदा, योलेदेत, नोलाद, होलिद, मोलेदेत, तोलादोत हे दहा शब्द लिहा. योद-लामेद-दालेत लाल. जिथे योदच्या जागी वाव आली तिथे तीही लाल करा. "लेदा" या शब्दात योद दालेतच्या आधी दिसेल. ती लाल करू नका. ती फक्त स्वर दाखवायला बसलेली आहे. धातूची योद या शब्दात गळून गेली आहे.

इशारा : अर्थ अजून पाठ करू नका. या टप्प्यात फक्त अक्षरं ओळखायची.

## ३. कोण काय करतं : चार क्रियापदं (चार दिवस)

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, घाई नको. जन्माच्या प्रसंगात चार माणसं असतात असं डोळ्यांसमोर आणा : आई, बाळ, सुईण, बाप. हिब्रू प्रत्येकाला वेगळा साचा देते.

आई बाळंत होते. "याल्दा" (बाळंत झाली), "योलेदेत" (बाळंत होते आहे), "लालेदेत" (बाळंत होणे). शेवटच्या रूपात योद पूर्ण गळलेली आहे. "ही ओमेदेत लालेदेत" म्हणजे "ती आता बाळंत होणार." "योलेदेत" हेच नाम म्हणूनही चालतं, आणि त्याला मराठीत एका शब्दाचा चोख पर्याय आहे : बाळंतीण.

बाळ जन्मतं. "नोलाद" (तो जन्मला), "नोल्दा" (ती जन्मली), "नोल्दू" (ते जन्मले), "लेहिवालेद" (जन्मणे). तुमच्या स्वतःच्या जन्माबद्दल बोलायचं असेल तर तुम्ही इथे आहात, आईच्या जागी नाही.

सुईण बाळंतपण करते. "लेयालेद" म्हणजे बाळंतपण करणे, आणि ते करणारी "मेयालेदेत". आजही इस्राएलच्या हॉस्पिटलांत प्रशिक्षित सुईणीला हाच शब्द आहे. बायबलमधल्या निर्गमच्या पहिल्या अध्यायातल्या शिफ्रा आणि पुआ या दोघी सुईणींसाठीही हाच शब्द येतो.

बापाकडून वंश पुढे जातो. "होलिद". हा शब्द बायबलच्या वंशावळींत ठायी ठायी येतो. रोजच्या बोलण्यात "माझ्या बाबांनी मला होलिद केलं" असं कोणी म्हणत नाही. ओळखता आला पाहिजे, वापरायची गरज नाही.

आता पहिल्या पुरुषाचं रूप. "मी जन्मलो" आणि "मी जन्मले" दोन्हींना एकच : "नोलादेती". लिहिताना दालेतनंतर थेट ताव येतो, म्हणजे अक्षरशः "नोलाद्ती". पण द आणि त सलग बोलणं जड जातं म्हणून बोलताना मधे एक "ए" सरकवतात. "यालादेती" (मी बाळंत झाले) हेही तसंच. दोन्ही शब्दांत फरक सुरुवातीच्या "नो" आणि "या"चा. अलिबागचा घोळ तिथेच होतो.

नेहमीच्या चुका :

- मराठीतल्या सवयीने बाई "आनी नोल्दा" म्हणते. "नोल्दा" म्हणजे "ती जन्मली". भूतकाळात "मी"ला लिंग नसतं, दोघांनी "नोलादेती"च म्हणायचं.
- गावाच्या नावाला "त" जोडायची सवय असते. हिब्रूत तो आधी येतो : "बे-नाशिक", "बे-पणजी".
- जनावरांना "याल्दा" लावणं. मराठीत गाय बाळंत होत नाही, व्यायते. हिब्रूतही तसाच भेद आहे : गाय, मांजर, कुत्री यांच्यासाठी "हिमलिता", क्रियार्थक "लेहामलित". मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, फक्त शब्द द्यावा लागतो.

आणखी एक सापळा लिहिलेल्या हिब्रूतला. रोजच्या मजकुरात स्वरचिन्हं नसतात. योद-लामेद-दालेत-हे ही चार अक्षरं "मुलगी" अशीही वाचता येतात आणि "ती बाळंत झाली" अशीही. उच्चारही एकच, "याल्दा". योद-लामेद-दालेत-ताव-योद म्हणजे "यालादेती" किंवा "याल्दाती" (माझी मुलगी). निवाडा वाक्य करतं. पुढे "एत" हा कर्म दाखवणारा शब्द आला तर क्रियापद समजा.

तपासा : वही बंद करून ही पाच वाक्यं हिब्रूत म्हणा. मी पुण्याला जन्मलो. माझी बहीण मुंबईला जन्मली. ती काल बाळंत झाली. मांजर व्याली. सुईण कुठे आहे? चार बरोबर आली तर पुढे जा. तीन किंवा कमी आली तर हा टप्पा उद्या पुन्हा. नामं कुठे पळून जात नाहीत.

## ४. नामं, आणि उलटी जोडी (तीन दिवस)

मराठीत "जन्मतारीख" : आधी जन्म, मग तारीख. हिब्रूत उलट, "तआरीख लेदा" : आधी तारीख, मग जन्म. (तआरीख आणि आपली तारीख हा एकच शब्द आहे, अरबीतून दोन्हीकडे गेलेला.) या जोडीला "स्मिखूत" म्हणतात. मराठी माणूस क्रम उलटा लावतो, "लेदा तआरीख" म्हणतो, आणि समोरचा गोंधळतो.

फॉर्मवर आणि हॉस्पिटलात दिसणाऱ्या जोड्या :

- तआरीख लेदा : जन्मतारीख
- मेकोम लेदा : जन्मस्थळ
- एरेत्स लेदा : जन्मदेश
- तेउदात लेदा : जन्मदाखला
- खादार लेदा : लेबर रूम
- माखलेकेत योल्दोत : बाळंतिणींचा वॉर्ड
- खुफशात लेदा : बाळंतपणाची रजा

यात पहिल्या शब्दाचं शेपूट बघा. सुटा शब्द "तेउदा", जोडीत "तेउदात". सुटा "खुफशा", जोडीत "खुफशात". आ-कारान्त स्त्रीलिंगी शब्द जोडीत पहिला आला की त्याला त लागतो. "माखलाका" तर जोडीत अंगच बदलतो आणि "माखलेकेत" होतो.

"ती विशिष्ट" असं दाखवणारा "हा" नेहमी दुसऱ्या शब्दाला लागतो : "तआरीख हा-लेदा". "हा-तआरीख लेदा" ही चूक महिनोन्महिने हिब्रू बोलणारेही करतात.

इशारा : "वाढदिवस" म्हणजे "योम हुलेदेत". त्यावरून "तआरीख हुलेदेत" बनवू नका. "हुलेदेत" आधुनिक हिब्रूत जवळजवळ फक्त वाढदिवसापुरता उरला आहे. उत्पत्ती ४०:२० मध्ये फारोच्या वाढदिवसाला तो येतो, तिथून आजच्या केकपर्यंत. फॉर्मवर नेहमी "लेदा". नाताळला "खाग हा-मोलाद" म्हणतात, जन्माचा सण. गंमत म्हणजे आपला नाताळही पोर्तुगीजातल्या जन्मवाचक शब्दावरूनच आला.

हॉस्पिटलचे आणखी थोडे शब्द : हेरायोन (गरोदरपण), बे-हेरायोन (गरोदर), त्सिरीम (कळा), नितुआख केसारी (सिझेरियन), तिनोक आणि तिनोकेत (बाळ, मुलगा आणि मुलगी), पाग (दिवस भरायच्या आत जन्मलेलं बाळ). "पाग"चा जुना अर्थ कच्चं अंजीर. आईवडिलांना मिळून "होरीम", आणि हा शब्द "हेरायोन"च्याच धातूतला आहे.

शुभेच्छांचं एक पथ्य इथेच सांगतो, कारण चुकलं तर समोरच्याला लागतं. कोणी गरोदर असल्याचं कळलं की "मझाल तोव" (अभिनंदन) म्हणायचं नाही. तेव्हा म्हणायचं "बे-शाआ तोवा", शुभ वेळी होवो. "मझाल तोव" बाळ जगात आल्यावर. आपल्याकडेही बाळ होण्याआधी पाळणा आणू नये असं घरातली मोठी माणसं म्हणतात. ती काळजी ओळखीची आहे, तेवढं आठवलं की शब्द बरोबर येतो.

## ५. वय (एक दिवस)

वय विचारताना हिब्रू "किती वर्षांचा मुलगा" असं विचारते : "बेन कामा आता?" बाईला "बात कामा आत?" उत्तर "आनी बेन श्लोशीम", "आनी बात श्लोशीम" (मी तीस वर्षांचा, तीस वर्षांची).

चूक आकड्यात होते. वर्ष, म्हणजे "शाना", स्त्रीलिंगी आहे. म्हणून पुरुषाचं वय सांगतानाही आकडा स्त्रीलिंगीच : "बेन एस्रीम वे-आखात" (एकवीस). "एखाद" म्हणू नका. माणसाच्या लिंगाने बेन किंवा बात ठरतं, आकडा वर्षाच्या लिंगाने. दोन्ही एकाच वाक्यात येतात म्हणून गोंधळ होतो.

तपासा : घरातल्या पाच माणसांची वयं मोठ्याने सांगा.

## ६. एका "मूळ"चे पाच तुकडे (तीन दिवस)

मराठीत मूळ गाव, मूळ प्रत, झाडाचं मूळ, मूळचा कोकणातला, दुखण्याचं मूळ, सगळीकडे "मूळ" चालतं. हिब्रूत चालत नाही. इथे यादी उपयोगाची नाही, वाक्यं पाठ करा.

"मोत्सा" म्हणजे वंशाने, कुळाने कुठला. धातू योद-त्सादी-आलेफ, बाहेर पडणे. योदची वाव इथेही झाली आहे. "मि-मोत्सा होदी" म्हणजे भारतीय वंशाचा.

"माकोर" म्हणजे उगम, स्रोत, मूळ प्रत. "आनी बा-माकोर मे-रोहा" : मी मूळचा रोह्याचा. "तेउदात लेदा मेकोरित" : मूळ जन्मदाखला, म्हणजे झेरॉक्स नव्हे. सरकारी खिडकीवर हा शब्द कानावर पडला की अस्सल कागद काढा. (पक्ष्याची चोचसुद्धा "माकोर"च, अक्षरं तीच, धातू वेगळा.)

"शोरेश" म्हणजे झाडाचं मूळ, दुखण्याचं मूळ, आणि शब्दाचा धातूसुद्धा. दुसऱ्या टप्प्यात तुम्ही जे लाल केलंत तो "शोरेश".

"हातखाला" म्हणजे सुरुवात, रोजच्या वापरातली. सिनेमाची, कामाची, महिन्याची.

"रेशित" म्हणजे आरंभ, भारदस्त. "रोश" (डोकं) याच घरातला. अरबीतून आलेला आपला "रईस" त्याचा भाऊ. बायबलचं पहिलं पुस्तक मराठीत "उत्पत्ती", हिब्रूत "बेरेशित", म्हणजे "आरंभी", कारण पुस्तकाचं नाव त्याच्या पहिल्या शब्दावरून घेतात. त्या वाक्यातला दुसरा शब्द "बारा", निर्माण केलं. बायबलमध्ये या साध्या रूपाचा कर्ता फक्त देव असतो. कुंभार "बारा" करत नाही. त्याचं काम "यात्सार", घडवणं.

इशारा : "मूळ गाव कोणतं?" याचं भाषांतर करताना "शोरेश" वापरू नका. प्रश्न असा : "मे-एफो आता बा-माकोर?" बाईला "आत".

## ७. जन्मदेश वेगळा, मोत्सा वेगळा (दोन दिवस)

इथे भाषेइतकंच आयुष्य गुंतलेलं आहे, म्हणून सावकाश.

- येलीदे होदू : जे स्वतः भारतात जन्मले. एकवचनी "येलीद", बाईला "येलीदात" : "येलीदात मुंबई".
- योत्सेई होदू : जे भारतातून निघून आले.
- मि-मोत्सा होदी : ज्यांचं कूळ भारतातलं, मग जन्म कुठेही असो.

एक घर घ्या. आजी पेणला जन्मली आणि नंतर इस्राएलला गेली. ती तिन्हींत बसते. तिची नात इस्राएलमधल्या लोदला जन्मली. नातीच्या "एरेत्स लेदा"समोर इस्राएल येणार, भारत नाही. "मोत्सा" विचारला तर मात्र होदू. नातीला "येलीदात होदू" म्हणणं चूक आहे, आणि आजीला फक्त "मि-मोत्सा होदी" म्हणणं अपुरं.

बेने इस्राएलांची पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावंच मोत्सा सांगतात, गाव आणि "कर". हिब्रूतही "कर"सारखा "ई" हा प्रत्यय आहे, "होदी"त दिसतो तो. गावाच्या नावाआधी "मे" किंवा "मि" लावून "मे-पेण" असंही म्हणता येतं. आणि "बेने इस्राएल" हे नाव स्वतःच स्मिखूत आहे : "बानीम" (मुलगे) जोडीत "बेने" होतो.

तपासा : तुमच्या घरातल्या तीन पिढ्यांसाठी प्रत्येकी तीन ओळी लिहा. एरेत्स लेदा, मोत्सा, आणि "नोलाद" किंवा "नोल्दा"चं पूर्ण वाक्य.

## ८. दहा ओव्यांची परीक्षा : रूथ ४:१३ ते २२ (तीन दिवस)

तयार धडे संपले. आता खरा मजकूर घ्या. बायबलमधल्या रूथ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातल्या या दहा ओव्यांत आतापर्यंतचं बरंच काही दाटीवाटीने बसलेलं आहे. सेफारिया या साइटवर स्वरचिन्हांसह मजकूर मिळतो. शेजारी मराठी बायबल ठेवा, पण आधी उघडू नका.

पहिल्या वाचनात अर्थ लावायचा नाही. लाल पेनने फक्त योद-लामेद-दालेत शोधा.

१३व्या ओवीत "हेरायोन" दिसेल आणि लगेच "वातेलेद बेन", "आणि तिला मुलगा झाला". "तेलेद" एरवी भविष्यकाळाचं रूप वाटतं. पुढे "वा" लागला की बायबलच्या कथनात ते भूतकाळाचं होतं. आजच्या बोलण्यात ही पद्धत नाही, म्हणून स्वतः वापरू नका. १५व्यात "येलादात्तू", "तिने त्याला जन्म दिला", शेवटचा "तू" म्हणजे "त्याला". १६व्यात रूथची सासू नामी (हिब्रूत नाओमी) "हा-येलेद" उचलून उराशी घेते. १७व्यात शेजारणी म्हणतात "युल्लाद बेन ले-नाओमी", नामीला मुलगा झाला. हा पाचवा साचा, कर्मणी. बोलताना लागत नाही, वाचताना लागतो.

तिथे क्षणभर थांबा. बाळंत झाली रूथ, पण शेजारणी बाळ नामीच्या पदरात घालतात. क्रियापद "याल्दा" असतं तर असं म्हणताच आलं नसतं. कर्मणी रूपात आईचं नाव घ्यावं लागत नाही, आणि त्या मोकळ्या जागेत सासू मावते. व्याकरण कशासाठी शिकायचं असं कोणी विचारलं की मी हीच ओवी काढून दाखवतो.

१८पासून वंशावळ : "वे-एले तोल्दोत पारेत्स". "तोल्दोत" हे "तोलादोत"चं जोडीतलं रूप, म्हणजे वंशपरंपरा; "पारेत्स" म्हणजे मराठीतला पेरेस. आजच्या हिब्रूत इतिहास या अर्थानेही येतो. मग "होलिद" सुरू होतो, पेरेसपासून दाविदापर्यंत. मोजा. नऊ वेळा आला पाहिजे. आठ निघाले तर एखादी ओळ सुटली आहे.

"नोलाद" या दहा ओव्यांत कुठेच नाही. शोधत बसू नका. "मोलेदेत" मात्र मागे २:११ मध्ये आहे, "एरेत्स मोलादतेख", तुझी जन्मभूमी, असं बवाज (रूथचा पुढे झालेला नवरा) रूथला म्हणतो.

इशारा : ओव्यांचे क्रमांक हिब्रू आणि मराठी प्रतीत सगळीकडे जुळत नाहीत. "आम्हासाठी बाळ जन्मले आहे" हे यशयातलं वाक्य मराठीत ९:६ आणि हिब्रूत ९:५ ला आहे : "की येलेद युल्लाद लानू". रूथमध्ये ही अडचण नाही, म्हणूनही सुरुवात रूथपासून.

## ९. उजळणी कशी करावी

कार्डं करत असाल तर एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी शब्द असं करू नका. मराठी बाजूला प्रसंग लिहा. "फॉर्म : तुमचा जन्म कुठला?" "शेजारीण गरोदर असल्याचं सांगते." "मावशीची गाय व्याली." मागे पूर्ण हिब्रू वाक्य. शब्द सुटा आठवला आणि वाक्यात बसवता आला नाही, तर ते कार्ड चुकलं असं धरा.

दर तिसऱ्या दिवशी कोरा कागद घ्या, मधोमध योद-लामेद-दालेत लिहा आणि आठवतील तेवढी रूपं भोवती काढा. सुरुवातीला सहा-सात येतील. पंधरा झाली की पुरे.

शेवटी एक काम. इस्राएलच्या शाळांत मुलांना "अवोदात शोराशीम" करायला देतात, म्हणजे आपल्या घराच्या मुळांचा प्रकल्प. तुम्हीही एक पान लिहा. सुरुवात अशी होईल :

"सावता शेली नोल्दा बे-पेण. आबा शेली नोलाद बे-मुंबई. आनी नोलादेती बे-लोद."

आजी, वडील, मी. गावं तुमची घाला. मग हिब्रू जाणणाऱ्या कोणाला तरी ते पान वाचून दाखवा, आणि ऐकणाऱ्याला मधे एकदाच विचारायला सांगा, "मे-एफो आता बा-माकोर?" वहीत न बघता उत्तर द्या.